पिंजरा सोडून बोला

पहाटे ५.१०
जानेवारीतली थंडी. जुन्नर तालुक्यातला, कुकडीच्या पाण्यावरचा पट्टा. वनरक्षक ताईंचा फोन वाजतो तेव्हा उजाडायला अजून बराच वेळ आहे. "मॅडम, वाघानं शेळी नेली. येताना पिंजरा घेऊनच या." बिबट्याला इथं सगळे वाघच म्हणतात. आणि पहिल्या मिनिटात पिंजऱ्याचा विषय निघाला नाही असा फोन क्वचितच येतो.

सकाळी ६.१५
शेळी गोठ्यातून गेली. गोठा म्हणजे मागं भिंत, दोन बाजूंना पत्रे आणि समोर जुनी साडी. ताई ठसे बघतात, ओढत नेल्याची खूण उसापर्यंत जाऊन बघतात, फोटो काढतात, पंचांच्या सह्या घेतात. भरपाई हवी तर खबर ४८ तासांच्या आत द्यावी लागते, हे इथं पोराटोरांनाही पाठ आहे. मग ताई त्या साडीपाशी थांबतात. घरातल्या आज्जींना ते रुचत नाही.

"आमचं जनावर गेलं, अन् तू पडदा काय बघती?"

"आज्जी, हितं जाळीचं दार असतं तर तो उपाशीच गेला असता."

"दाराला पैसं तू देती का?"

याच्यावर भाषण करता येतं. ताई ते करत नाहीत. आज्जींच्या मुलाला गाडीवर मागं बसवून त्या पलीकडच्या वस्तीवर नेतात. तिथं एकानं बोअरचे जुने पाइप आणि उरलेली कंपाउंडची जाळी जोडून दार बसवलंय. मुलगा कडी दोनदा लावून बघतो आणि विचारतो, "वेल्डिंगला किती घेतलं?" भिंतीवरच्या पोस्टरला असा प्रश्न कुणी विचारत नाही. माणूस शेजाऱ्याचं बघून बदलतो, आणि तेही खर्च झेपणारा असला तर.

सकाळी ८.३०
ऊसतोडीचा फड. बीड जिल्ह्यातून आलेली टोळी पहाटे चारपासून कोयता चालवतेय. बांधावर पाचटाच्या गादीवर दोन लेकरं झोपलेली, वरून गोधडी. लहान मुलांना उसाजवळ एकटं ठेवू नका, असं पत्रकात छापलेलं असतं. पण ठेवायचं कुठं? कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या खोपटावर, थांबायचं तर एक बाई कामातून जाते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरी टनावर. एक हात कमी झाला की त्याचा हिशेब थेट मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपर्यंत जातो.

ताई मुकादमाशीच बोलतात. टोळीबरोबर एक म्हातारी मावशी आलीय, तिला वाकून तोड जमत नाही. तिनं सगळी लेकरं एका कोपीत सांभाळायची आणि टोळीनं तिला मिळून काहीतरी द्यायचं. मुकादम "बघू" म्हणतो. ताई हलत नाहीत. शेवटी तो मावशीला हाक मारतो. बाकीच्या सूचना मग दोन वाक्यांत उरकतात: अंधारात परसाकडं जाताना दोघींनी जायचं, बॅटरी आणि काठी सोबत. खाली बसलेलं माणूस बिबट्याला माणसासारखं दिसत नाही, हे बायकांना समजावून सांगावं लागत नाही. संडास मात्र इथं नाहीच, त्यामुळं ही सूचना म्हणजे ठिगळच.

सकाळी ११.४०
दुसऱ्या फडातून फोन. पिल्लं सापडली, दोन.

धरणांचं पाणी आलं तसा या भागात ऊस वाढला. आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत उभा असतो. आत सावली, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. इथल्या कित्येक बिबट्यांनी जंगल पाहिलेलं नसतं, जन्मच उसातला. तोड सुरू झाली की पिल्लं उघडी पडतात.

ताई पोचतात तेव्हा पन्नासेक माणसं जमलीयत. एकानं पिल्लू छातीशी धरलंय आणि दुसरा फोटो काढतोय. डोळे उघडलेत, पण चाल अजून डगमगती. पिल्लू फिसकारतं तसे लोक हसतात. त्यांच्या मनात वाईट काही नाही, अडचण नेमकी तीच. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. कौतुकानं गोळा झालेल्याला आपण चुकतोय हेच पटत नाही.

ताई ओरडत नाहीत. त्या मोठ्यानं विचारतात, "रात्री ह्या वावरात पाणी कोण धरणार आहे?" एक जण हात वर करतो. "ह्यांची आई ह्याच उसात, शंभर पावलांवर असंल. पोरं मिळाली नाहीत तर रात्रभर हुडकत फिरंल. तुम्ही तिच्या वाटंत उभे असाल." पिल्लू हळूच खाली ठेवलं जातं. गर्दी पांगत नाही, पण बांधापर्यंत मागं सरते.

माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून डॉक्टर येतात, हातमोजे घालून पिल्लं तपासतात, गोचीड काढतात. आता खरी बोलणी शेतमालकाशी. पिल्लं जिथं सापडली तिथंच रात्री ठेवायची, म्हणून शेवटच्या सरींची तोड आज थांबवायची. कारखान्याची गाडी लागलेली आहे. टोळीची अर्धी मजुरी जाईल. मालक कपाळाला हात लावतो. टोळीला खालच्या तुकड्यात वळवायचं ठरतं, तेव्हा कुठं तो कबूल होतो.

दुपारी २.३०
कार्यालयात ग्रामपंचायतीचं पत्र: तातडीनं पिंजरे लावावेत. ताई ते वरिष्ठांकडं पाठवतात, ते त्यांचं कामच आहे. माणसावर हल्ला झाला असेल तर पिंजऱ्याला पर्याय नाही, आणि ज्याच्या घरातलं लेकरू गेलंय त्याच्यापुढं सहजीवनाचं प्रवचन झोडणाऱ्याची मला चीडच येते. सरकार २५ लाख देतं, लेकरू देत नाही. शिरूरकडं बायकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला सुरुवात केली, ती हौस म्हणून नव्हे.

पण नुसता दिसला म्हणून धरायचा, हा प्रयोग याच जुन्नरात होऊन गेलाय. २००१ ते २००३ मध्ये बिबटे पकडून लांब नेऊन सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचं दिसलं. परक्या मुलखात सोडलेलं जनावर भरकटतं, आणि इथली मोकळी जागा दुसरा बिबट्या धरतो. हे ग्रामसभेत सांगायला दहा मिनिटं लागतात. पिंजरा दिसायला दोन मिनिटं पुरतात, म्हणून तो जिंकतो.

दुपारी ४.००
शाळा. घोळक्यानं चला, घरी जाताना गाणी म्हणा, बिबट्या दिसला तर पळू नका. पोरांना हे सगळं येतं. परतीच्या वाटेत ताई एका पोल्ट्रीवर थांबतात. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्या की कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. मालक खड्डा काढायचं कबूल करतो. मागच्या महिन्यातही केलं होतं.

संध्याकाळी ६.२०
पिल्लं क्रेटमध्ये, क्रेट त्याच सरीत, समोर कॅमेरा. माणसं लांब. गाडीचे दिवे बंद.

रात्री ८.५०
गाडीत बसल्या बसल्या फोन. "मॅडम, आमच्याकडं लाइट रात्री दहाला येणार. पाणी धरायला जाऊ का नको?"

थ्री फेज लाइट आठवड्याच्या पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. ज्या आठवड्यात रात्री, त्या आठवड्यात शेतकरी रात्रीच उसात उतरणार. 'रात्री बाहेर पडू नका' ही सूचना लिहिणाऱ्यानं मोटार कधी चालू केलेली नसावी. दिवसा लाइट द्या, ही इथल्या गावांची जुनी मागणी. काहींना मिळाली, काही अजून वाट बघतायत. माझ्या मते पोस्टरांचा सगळा खर्च एकीकडं आणि एका फीडरची वेळ बदलणं एकीकडं.

"दोघं जावा. बॅटरी, मोबाइलवर गाणी मोठ्यानं. पाण्याची दारं मोडताना खाली बसू नका, एकानं उभं राहायचं. तुमच्या फीडरचं मी उद्या परत बोलते."

रात्री ९.४०
कॅमेऱ्यात मादी येते, क्रेट पंजानं आडवा करते, एक पिल्लू उचलून नेते. वीस मिनिटांनी दुसरं. ताई शेतमालकाला फोन लावतात.

"नेली का?"

"नेली दोन्ही."

"मग मुकादमाला सकाळी चारला लावू?"

"सातला. उजाडल्यावर. आणि वरच्या टोकाकडनं सुरू करा, खाली तिला निघायला वाट ऱ्हाऊ द्या."

"गाडी आठला येती, मॅडम."

"मग साडेसहाला. त्याच्या आधी नाही."