रेम निद्रा-वर्तन विकृती : उपचारांचे स्वरूप व मर्यादा

निद्रेच्या विविध अवस्थांपैकी ‘रेम’ अवस्थेत डोळ्यांच्या जलद हालचाली होतात व बहुतांश ठळक स्वप्ने याच अवस्थेत पडतात. या वेळी मस्तिष्कस्तंभातील यंत्रणा स्नायूंना शिथिल ठेवते. म्हणून स्वप्नात धावणारा मनुष्य अंथरुणातच राहतो. ही यंत्रणा निकामी केल्यास मांजरे झोपेतच हल्ल्याचा पवित्रा घेतात, असे फ्रान्समधील मिशेल जुवे यांनी १९६५ मध्ये दाखविले होते. मनुष्यातील या विकृतीचे वर्णन मिनियापोलिस येथील शेंक व महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये केले. रुग्ण बहुधा पन्नाशीपुढील असतो. तो ओरडतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्या पत्नीवर प्रहारही करतो. आपल्याकडे ‘झोपेत बरळतो’ एवढ्यावरच हा विषय संपतो, हे योग्य नव्हे.

निदानासाठी चित्रफितीसह निद्रा-तपासणी आवश्यक असते, कारण झोपेतील श्वासरोधामुळेही असेच वर्तन घडू शकते. काही नैराश्यविरोधी औषधेही ही विकृती उद्भवण्यास कारणीभूत ठरतात.

उपचारांत प्रथम स्थान औषधाला नव्हे, तर शयनगृहाच्या सुरक्षिततेला द्यावे लागते. काचेच्या वस्तू व टोकदार फर्निचर दूर करावे, काही काळ जोडीदाराने वेगळे झोपावे. जमिनीवर अंथरूण घालण्याची आपली जुनी पद्धत येथे पलंगापेक्षा निश्चितच हितावह होय. औषधांमध्ये क्लोनाझेपाम (झोपताना ०.५ ते २ मि.ग्रॅ.) व मेलाटोनिन (३ ते १२ मि.ग्रॅ.) ही प्रमुख आहेत. पहिल्यामुळे वृद्धांना दिवसा झापड येते, तोल जातो व श्वासरोध वाढू शकतो. दुसरे तुलनेने सौम्य आहे. दोन्हींचा अनुभव चांगला असला, तरी त्यांना नियंत्रित चाचण्यांचा आधार अद्याप तोकडाच आहे.

खरा प्रश्न याहून कठीण आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २४ केंद्रांतील १२८० रुग्णांच्या अभ्यासानुसार बारा वर्षांत सुमारे ७३.५ टक्के रुग्णांना पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशासारखा चेतासंस्थेचा ऱ्हासजन्य विकार जडण्याचा धोका आढळला. उपलब्ध औषधे ही वाटचाल रोखतात असे सिद्ध झालेले नाही. मग केवळ लाथा झाडतो म्हणून आलेल्या रुग्णास हे भविष्य सांगावे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे प्रथम विचारावे व त्यानुसारच बोलावे. घ्राणशक्ती मंदावणे, बद्धकोष्ठता, उभे राहताच चक्कर येणे यांची विचारपूस मात्र प्रत्येक भेटीत व्हावी.