आडव्या अक्षावर काय?

आमच्या गावाच्या वेशीबाहेर मरीआईचे लहानसे देऊळ आहे. पटकीची साथ आली की देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडत, असे आजी सांगायची. साथ का आली, याचे उत्तर गावापाशी तयार असे : देवी कोपली. या उत्तराला आज हसणे सोपे आहे. पण हीच पटकी १८४९ साली लंडनमध्ये थैमान घालत होती, तेव्हा तिथल्या अत्यंत काटेकोर आकडेतज्ज्ञानेही चुकीचेच उत्तर दिले होते. गंमत अशी की त्याचे आकडे बरोबर होते. बरोबर आकड्यांवरून चुकीचे उत्तर कसे निघते, हे समजून घ्यायला दोन साध्या कल्पना पुरतात.

मी संख्याशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेल्या एका पाठ्यपुस्तकावरून आणि आलेखाच्या वहीवरून जे जमले तेवढेच. त्यातला पहिलाच धडा चलांचा होता. गावागणिक, माणसागणिक किंवा वर्षागणिक बदलणारी आणि नोंदवता येणारी कोणतीही गोष्ट म्हणजे चल. दोन चलांचा संबंध तपासताना, ज्याच्यातल्या बदलाचा उलगडा करायचा आहे तो प्रतिसाद चल. आणि ज्याच्या आधारे उलगडा करू पाहतो तो स्पष्टीकारक चल. पाऊस किती पडला यावरून विहिरीचे पाणी किती चढले हे पाहायचे असेल, तर पाऊस स्पष्टीकारक आणि पाण्याची पातळी प्रतिसाद. मात्र त्याच पातळीवरून रब्बीचे पीक किती येईल हे पाहायचे झाले, तर पातळी स्पष्टीकारक होते. म्हणजे ही भूमिका वस्तूच्या अंगची नसते, ती आपल्या प्रश्नातून ठरते. कधी ती ठरतही नाही. वर्गातल्या मुलांचे मराठीचे आणि गणिताचे गुण शेजारीशेजारी मांडले, तर कोणी कोणाचा उलगडा करायचा?

आता लंडनकडे येऊ. १८४८-४९ च्या साथीत त्या शहरात सुमारे १४ हजार माणसे पटकीने दगावली. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत डॉ. विल्यम फार हे आकड्यांचे काम पाहत. सडक्या घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेने रोग होतो, असे त्या काळी बहुतेक जाणकार मानत. थेम्सचा काठ म्हणजे गाळ, घाण आणि दुर्गंधी. तेव्हा नदीजवळच्या सखल भागात विषारी हवा दाट आणि उंचावर विरळ असणार, हा डॉ. फार यांचा तर्क होता. मृत्यूचे प्रमाण हा त्यांचा प्रतिसाद चल आणि भरतीच्या पातळीपासून वस्तीची उंची हा स्पष्टीकारक चल.

वाचकांनी एक आलेखाचा कागद घ्यावा. रिवाज असा की स्पष्टीकारक चल आडव्या अक्षावर आणि प्रतिसाद चल उभ्या अक्षावर मांडायचा. तेव्हा आडव्या अक्षावर फुटांत उंची लिहा आणि उभ्या अक्षावर दर १० हजार लोकांमागे मृत्यू. दोन्ही अक्षांवर नाव आणि एकक घालायला विसरू नका. मी पहिल्या वहीत ते विसरलो होतो आणि महिन्याभराने माझेच आलेख मला लागेनात. डॉ. फार यांनी उंचीचे २०-२० फुटांचे टप्पे पाडले होते. २० फुटांखालच्या वस्तीत १०२ मृत्यू, २० ते ४० मध्ये ६५, ४० ते ६० मध्ये ३४, मग २७, २२ आणि १०० ते १२० फुटांत १७. प्रत्येक टप्प्याच्या मध्यावर, म्हणजे १०, ३०, ५० अशा फुटांवर, एकेक ठिपका द्या. हा झाला स्कॅटरप्लॉट. रांगोळीत ठिपके आपण सारख्या अंतरावर मांडतो आणि मग हवी तशी रेघ ओढतो. इथे ठिपक्याची जागा नोंदीने ठरते. ती आपल्या मर्जीने हलवता येत नाही, आणि ठिपके नुसते जोडतही जायचे नसतात.

आता कागद थोडा दूर धरून चार गोष्टी पाहायच्या. दिशा : उंची वाढते तसे मृत्यू घटतात. आकार : रेषा सरळ नाही, आधी झपाट्याने उतरते आणि मग सपाट होत जाते. घट्टपणा : ठिपके वळणाला किती चिकटून आहेत? अगदी चिकटून. चौथी गोष्ट, कळपाबाहेरचा ठिपका : इथे एकही नाही. डॉ. फार यांनी या वळणाचे सूत्रही मांडले. १८५२ च्या अहवालात त्यांनी पाणीपुरवठ्याचाही विचार केला होता, पण पहिला मान दिला तो उंचीला.

तरी हा कागद जरा जास्तच नीटनेटका आहे. हे ठिपके सहा टप्प्यांच्या सरासरीचे आहेत. मुळातल्या नोंदी ३८ विभागांच्या होत्या. सरासरीने खाचखळगे बुजतात. विभागवार ठिपके दिले की चित्र विस्कटते. रॉदरहाइथची उंची शून्य फूट आणि मृत्यू २०५. वेस्टमिन्स्टरची उंची २ फूट आणि मृत्यू ६८. दोन्ही जवळजवळ एकाच पातळीवर, पण एकात मरण तिप्पट. या दोन ठिपक्यांमधल्या उभ्या अंतराबद्दल उंची काहीच सांगू शकत नाही. तिथे दुसरे काहीतरी बोलते आहे.

ते काय, हे डॉ. जॉन स्नो यांनी शोधले. पटकी पाण्यातून पसरते, असे त्यांचे म्हणणे होते. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवत, आणि कित्येक रस्त्यांवर दोघींचे नळ शेजारीशेजारी होते. त्यांपैकी लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा शहराच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेला. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातलेच, मैला मिसळलेले पाणी उपसत राहिली. १८५४ ची साथ आली तेव्हा मृतांचे पत्ते डॉ. फार यांच्याच कचेरीने पुरवले, आणि स्नो व त्यांचा सहकारी दारोदार फिरले. कंपनीचे नाव घरच्यांना माहीत नसेल, तर पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणावरून ते ओळखता येई. पहिल्या सात आठवड्यांत साउथवार्कच्या दर १० हजार घरांमागे ३१५ मृत्यू, तर लॅम्बेथच्या दर १० हजार घरांमागे ३७. जिथे नळ मिसळलेले होते, तिथे हवा तीच, उंची तीच. वेगळे होते ते पाणी. हा स्पष्टीकारक चल नुसता नावाचा आहे, मापाचा नाही. म्हणून त्याला ठिपक्यांचा आलेख लागत नाही, दोन ओळींची सारणी पुरते.

मग उंचीचे ते देखणे वळण खोटे होते का? नाही. सखल वस्त्यांना बहुधा थेम्सचे घाण पाणी मिळे आणि उंचावरच्यांना दुसरीकडचे. पाण्याचा परिणाम उंचीच्या अंगावर उमटला होता. उंचीवरून मृत्यूचा अंदाज बांधता येत होता, पण मृत्यू थांबवता येत नव्हते. स्पष्टीकारक या शब्दाने नेमका इथेच घात होतो. एखादा चल आडव्या अक्षावर बसवला, की तो कारण असल्यासारखा भासू लागतो. प्रत्यक्षात त्याला तिथे आपणच बसवलेले असते. आणि अशी चूक नुसती कागदावर राहत नाही. दुर्गंधी हटवण्यासाठी लंडनचा मैला गटारांतून थेम्समध्ये सोडला जात होता, आणि तेच पाणी लोक पीत होते.

१८६६ मध्ये पटकी पुन्हा आली. स्नो १८५८ मध्येच वारले होते. या खेपेस साथ पूर्व लंडनमध्ये एकवटली, आणि तिचे मूळ एका पाणी कंपनीच्या पुरवठ्यात आहे, हे आकड्यांनिशी मांडणाऱ्यांत डॉ. फार अग्रभागी होते. स्वतःचे गाजलेले सूत्र बाजूला ठेवून त्यांनी आडव्या अक्षावरचे नाव बदलले.

माझ्या वहीत आता प्रत्येक आलेखाखाली मी एक ओळ लिहितो : 'इथे दुसरे काय असू शकले असते?' बहुतेक वेळा तिच्यापुढची जागा कोरीच राहते. तरी ती ओळ लिहायची मी सोडलेली नाही.