मंगळावरची वाटचाल – भाग सातवा : पांढऱ्या दगडांचा पाऊसकाळ

मागच्या भागात पर्सिव्हिअरन्स रोव्हरबरोबर आपण जेझेरो विवरात येणाऱ्या नेरेत्वा व्हॅलिस या कोरड्या नदीपात्रात थांबलो होतो. ‘चेयावा फॉल्स’ नावाच्या खडकावरचे ठिपके, त्यांत सापडलेली व्हिवियानाइट आणि ग्रेगाइट ही खनिजे, आणि सप्टेंबर २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला शोधनिबंध, असा तो भाग होता. प्राचीन जीवाणूंची खूण असू शकेल म्हटल्यावर सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले आणि ते जायलाच हवे होते. पण त्याच जेझेरो विवरात रोव्हरला सुरुवातीपासून आणखी एक गोष्ट दिसत आली आहे. तिचा गाजावाजा कमी झाला. कोकणातल्या वाचकाला मात्र ती इतरांपेक्षा लवकर उमगेल असे मला वाटते, म्हणून आजचा सगळा भाग तिच्यासाठी.

ही गोष्ट आहे पांढऱ्या दगडांची.

लेखमालेत नव्याने आलेल्यांसाठी थोडी उजळणी करतो. १०२५ किलो वजनाचा हा सहाचाकी रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरोत उतरला. विवराचा व्यास ४५ किलोमीटर आहे. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे तळे होते आणि पश्चिमेच्या काठातून शिरणाऱ्या नदीने त्यात गाळाचा त्रिभुज प्रदेश रचला होता. २०२५ संपेपर्यंत रोव्हरची एकूण चाल सुमारे ४० किलोमीटर झाली. देवरुखाहून निघालेली गाडी एवढ्या अंतरात रत्नागिरीलाही पोचत नाही. पण या वाटेवर रोव्हर सारखा थांबतो, दगड तपासतो, आणि निवडक खडकांना ड्रिलने भोक पाडून आतला तुकडा नळीत बंद करतो.

विवराच्या तळाचा खडक बहुतेक गडद आहे. बेसाल्ट आणि त्याच्याच जातीचे, ज्वालामुखीतून आलेले खडक. त्यांवर फिकट, पांढरट दगड विखुरलेले दिसतात. काही खड्याएवढे, काही मोठ्या धोंड्याएवढे, आणि संख्येने हजारो. सगळे सुटे. खालच्या खडकाशी त्यांचे काही नाते नाही. पहिल्या काही महिन्यांत शास्त्रज्ञांनी त्यांची नोंद केली, पण मुख्य काम तळाच्या खडकांचे होते, त्यामुळे ते बाजूला राहिले. मग रोव्हरच्या मानेवरच्या सुपरकॅम या उपकरणाने त्यांच्यावर नेम धरला. हे उपकरण सात मीटरपर्यंतच्या दगडावर लेझरचा क्षणिक झोत सोडते. त्या जागेचा सूक्ष्म कण तापून त्याचा प्लाझ्मा होतो, आणि त्याच्या प्रकाशावरून दगडात कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळते. शिवाय दगडावरून परतणारा अवरक्त प्रकाश तपासून खनिज ओळखता येते. पांढऱ्या दगडांत ॲल्युमिनियम भरपूर निघाले आणि अवरक्त प्रकाशात केओलिनाइटची सही उमटली. केओलिनाइट म्हणजे चिनी मातीचे मुख्य खनिज. सिंधुदुर्गात तिचे साठे आहेत.

इथे मला आपल्याकडच्या एका समजुतीबद्दल बोलायचे आहे. मंगळाची छायाचित्रे पाहिली की कोकणातला माणूस हमखास म्हणतो, ‘ही तर आपली लाल माती!’ रंग मिळतो हे खरे, आणि दोन्हीकडे तो लोहाच्या ऑक्साइडांचाच आहे. पण मंगळाचा लाल रंग मुख्यतः वरवरच्या बारीक धुळीचा आहे. रोव्हरने खडक थोडासा घासला की आत राखी, हिरवट, काळपट असे दुसरेच रंग निघतात. कोकणचे आणि मंगळाचे खरे साम्य शोधायचे असेल तर आपल्या लाल मातीच्या खाली उतरावे लागेल.

देवरूख सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने इथे ही तपासणी सोपी जाते. मार्लेश्वरच्या वाटेवर किंवा साखरप्याहून आंबा घाट चढताना कड्यात काळा पाषाण दिसतो. ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, म्हणजे बेसाल्टच. तिथून तोंड फिरवून रत्नागिरीच्या दिशेने निघालो की सडे लागतात, आणि सड्यावरचा कातळ म्हणजे जांभा. हा जांभा बहुतांशी त्याच काळ्या पाषाणापासून झालेला आहे. चिरेखाणीत काम करणाऱ्यांना आणि विहिरी खणणाऱ्यांना त्याचा क्रम पाठ असतो. वर कडक कातळ, त्याखाली मऊ होत जाणारा जांभा, मग पांढरट, पिवळसर, कुठे जांभळट छटेची चिकण माती, मग मुरूम, आणि सगळ्यात खाली काळा पाषाण.

काळ्याचा हा पांढरा आणि तांबडा झाला कसा? पावसाचे पाणी हवेतला आणि कुजलेल्या पाल्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकात मुरते. ते किंचित आम्ल असते. दगडातले सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते पहिल्यांदा विरघळवून नेते. त्यानंतर अगदी सावकाश सिलिकाही जाऊ लागते. ॲल्युमिनियम मात्र जवळजवळ जागचे हलत नाही. उरलेले ॲल्युमिनियम आणि थोडी सिलिका यांचे केओलिनाइट बनते. धुलाई त्याहून लांबली तर सिलिकाही संपते आणि बॉक्साइट तयार होते. दापोली-मंडणगडकडे ते सापडते.

यात एक अट आहे, आणि आजच्या भागाचा सगळा भार तिच्यावर आहे. पाणी नुसते असून भागत नाही, ते दगडातून सतत वाहून जायला हवे. याचा पुरावा आपल्याला घाट ओलांडला की मिळतो. देशावरही तोच बेसाल्ट आहे. पण सोलापूरकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी पाऊस पडतो. विरघळलेली द्रव्ये पूर्ण धुवून निघत नाहीत, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मातीतच राहतात, आणि त्यांतून स्मेक्टाइट गटाची चिकण खनिजे बनतात. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी कापसाची काळी जमीन ती हीच. संगमेश्वर तालुक्यात पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर जातो आणि इथे केओलिनाइट होते. खडक एकच, माती दोन, आणि फरक मुख्यतः पाण्याच्या वाहण्याचा. म्हणजे मातीतले खनिज वाचता आले तर त्या मुलखातला पाऊस वाचता येतो.

मंगळावर कक्षेतल्या यानांना आजवर जी चिकण खनिजे दिसली, त्यांत लोह-मॅग्नेशियमच्या स्मेक्टाइटचा वाटा मोठा आहे. त्यांवरून पाणी होते हे ठरते, पण किती आणि किती काळ, हे नीट ठरत नाही. बर्फ अधूनमधून वितळूनही ती बनू शकतात. केओलिनाइटची मागणी त्याहून फार मोठी असते. म्हणूनच जेझेरोतल्या पांढऱ्या दगडांनी शास्त्रज्ञांना थांबवले.

पर्ड्यू विद्यापीठातले एड्रियन ब्रॉझ, ब्रियोनी होर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा याविषयीचा निबंध डिसेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढे पेच होता. केओलिनाइट दुसऱ्या मार्गानेही बनते. जमिनीखालून वर येणारे ऊन पाणी खडकातून फिरले तरी ते तयार होते, आणि उल्कापाताने तापलेल्या विवरात ऊन पाण्याचे झरे असणे अगदी शक्य आहे. म्हणून त्यांनी मंगळावरच्या दगडांची रासायनिक घडण पृथ्वीवरच्या दोन्ही प्रकारच्या दगडांशी ताडून पाहिली. पावसाने झालेल्या मातीचे नमुने त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोजवळचे आणि दक्षिण आफ्रिकेतले घेतले. मंगळाच्या दगडांत लोह आणि मॅग्नेशियम कमी, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम जास्त आहे. ही घडण ऊन पाण्याच्या खडकांपेक्षा पावसाने धुतलेल्या मातीकडे झुकते. तसे असेल तर तो पाऊस चार दिवसांच्या वळवाचा नव्हे. दमट हवामान लाखो वर्षे टिकल्याशिवाय दगड इतका धुतला जात नाही. असेच काम कोकणातल्या बेसाल्टपासून झालेल्या चिकण मातीवर व्हावे, असे मला मनापासून वाटते. मंगळाचा मूळ खडकही बेसाल्टच आहे, त्यामुळे आपली माती या तुलनेला फार जवळची ठरेल.

लोहाचा मुद्दा मात्र आपल्या जांभ्यापासून वेगळा आहे आणि तो झाकून चालणार नाही. आपल्याकडे हवेत प्राणवायू आहे. दगडातून सुटलेले लोह लगेच गंजते, न विरघळणारे होते आणि तिथेच राहते. जांभा तांबडा आहे तो त्यामुळे. मंगळाच्या पांढऱ्या दगडांतून लोह निघून गेले आहे. म्हणजे त्यांची तुलना वरच्या चिऱ्याशी करता येणार नाही, खालच्या पांढरट चिकण मातीशी करावी लागेल. तिथेही पाणी साचून हवा पोचली नाही की लोह विरघळून पुढे सरकते. पृथ्वीवरही सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू वाढला, त्याआधीच्या प्राचीन मातींतून लोह असेच वाहून गेलेले आढळते. प्राणवायू नसलेल्या हवेत पडणारा पाऊस दगड धुतो तेव्हा लाल रंग मागे राहत नाही. मंगळाच्या त्या पाऊसकाळात जमीन आजच्यासारखी तांबडी नसावी, निदान जिथे हे दगड घडले तिथे तरी.

पण ते घडले कुठे? जेझेरोच्या तळावर रोव्हरला त्यांचा मूळ थर सापडलेला नाही. दोन शक्यता सांगितल्या जातात. एक, विवरात येणाऱ्या नदीने पाणलोटातून ते आणले. दुसरी, दूर कुठेतरी उल्का आदळून ते उडाले आणि इथे येऊन पडले. दुसरी शक्यता समजून घ्यायला लोणारला जावे. तिथले १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बेसाल्टमध्येच झालेले आहे, आणि काठाबाहेर आघाताने उडालेल्या दगडांचा थर पसरलेला आहे. आपल्या मूळ थरापासून तुटलेले ते दगड पाहिले की जेझेरोतले सुटे दगड परके वाटत नाहीत. जेझेरोच्या शेजारच्या नीली फोसी भागात कक्षेतून केओलिनाइट दिसलेले आहे, तेव्हा शोध तिथपर्यंत पोचायला हवा. रोव्हर तिथे कधी जाईल की नाही, हा वेगळा प्रश्न.

या सगळ्याला एक मोठी हरकत आहे आणि ती हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांकडून येते. साडेतीनशे-चारशे कोटी वर्षांपूर्वी सूर्य आजच्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने मंद होता. मंगळ सूर्यापासून दूरही आहे. हवा घट्ट असली, तीत कार्बन डायऑक्साइड भरपूर असला, तरी गणितात तो ग्रह गोठलेलाच राहतो. म्हणून एक गट म्हणतो की प्राचीन मंगळ थंड आणि हिमाच्छादित होता आणि नद्या वाहिल्या त्या मधूनमधून बर्फ वितळल्याने. मला हा वाद दगडांच्या बाजूने झुकताना दिसतो. गणितात कोणता वायू धरायचा राहिला असेल हे पुढे ठरेल, पण केओलिनाइट समोर पडलेले आहे. अंतिम निकाल मात्र लेझरने लागणार नाही. तो दगड प्रयोगशाळेत हातात घ्यावा लागेल, आणि रोव्हरने बंद केलेल्या नळ्या पृथ्वीवर आणण्याची मोहीम खर्चापायी रखडलेली आहे.

मंगळावर मावर्थ व्हॅलिस नावाची दरी आहे. तिथे कक्षेतून थरच्या थर दिसतात: वर ॲल्युमिनियमची चिकण खनिजे, खाली लोह-मॅग्नेशियमची. विहिरीच्या भिंतीत वरून खाली उतरताना दिसतो तशाच प्रकारचा हा क्रम आहे, आणि तो सुटा नाही, जागेवर आहे. त्याच बाजूच्या ऑक्सिया प्लॅनम या चिकण खनिजांच्या मैदानात युरोपचा रोझालिंड फ्रँकलिन रोव्हर उतरवण्याचे ठरले आहे. त्याचे उड्डाण २०२८मध्ये नियोजित आहे आणि त्याचे ड्रिल दोन मीटर खोल जाते. मंगळावर इतके खोल अजून कोणत्याही रोव्हरने खणलेले नाही. ते ड्रिल कसे चालते आणि दोनच मीटर का, हे पुढच्या आठवड्यात.