बंद ऋतूत डोंगा सांभाळायचा कसा

16 जून ते 15 ऑगस्ट आपला बंद ऋतू. जाळी घरी येतात, आपण कोणी पेरणीला जातो, कोणी संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला. डोंगा मात्र तळ्याच्या काठावर एकटाच राहतो. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतो.

मागच्या पावसाळ्यात आपल्या एका सभासद भावाचा पत्र्याचा डोंगा गेला. तेरा-चौदा दिवसांनी दुसऱ्या गावच्या तळ्यावर सापडला, पण हिरव्याचा निळा झालेला. भाऊ म्हणे, माझाच आहे, सहा वर्षं बसलो त्याच्यात. समोरचा म्हणे, मी भंगारवाल्याकडून विकत घेतला. पोलिसांनी विचारलं, नंबर आहे का? पावती? एखादा फोटो? काहीच नव्हतं. मी सोबत गेलो होतो. समितीच्या रजिस्टरात पण त्या भावाच्या नावापुढे "डोंगा – 1" एवढंच लिहिलेलं, आणि ते अक्षर माझंच. भाऊ रिकाम्या हातानं परत आला.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो. साखळीनं चोराला उशीर होतो, पण गेलेला डोंगा परत आणायचा असेल तर खूणच लागते. दोन्ही पाहिजेत. आपण साखळीवर पाचशे रुपये घालतो आणि खुणेवर पाच रुपये पण नाही.

समुद्रावरच्या बोटींना नंबर असतो. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी गुजरातची 'कुबेर' नावाची मासेमारीची बोट समुद्रातच ताब्यात घेतली होती. त्यानंतर तिकडे नोंदणी, नंबर, रंग सगळं कडक झालं. आपल्या तळ्यावरच्या डोंग्याला तसं कोणी विचारत नाही, म्हणून आपला नंबर आपणच टाकायचा. बाहेरून रंगानं मोठा लिहा, तो लोकांना दिसायसाठी. पण रंग घासून जातो. खरा नंबर आत, लपलेल्या दोन जागी. पत्र्याच्या डोंग्यावर लोहाराकडून अक्षरांच्या ठशानं ठोकून घ्या, बसायच्या पट्टीखाली एक आणि टोकाकडे आतून एक. लाकडाला तापलेल्या सळईनं डाग द्या. फायबरच्या डोंग्यावर टोकदार हत्यारानं हलकं कोरा आणि वरून रेझिनचा हात मारा, नाहीतर तिथून पाणी मुरते. दोन जागा कोणत्या, हे घरच्यांना आणि रजिस्टरला माहीत, बाकी कोणाला नाही.

मग फोटो. डोंग्याजवळ उभं राहून एक, आणि नंबरचा जवळून एक. मोबाईल हरवला की फोटो पण जातो, म्हणून छापून समितीत द्या. गावच्या मिस्त्रीकडून बनवला असेल तर पक्कं बिल कुठून येणार? मग साध्या कागदावर त्याच्याकडून लिहून घ्या: कोणासाठी बनवला, किती लांब, किती रुपये, तारीख, सही.

ही किंमत लिहिणं लय गरजेचं आहे. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम 303 आहे. पण 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र धरतात, म्हणजे न्यायालयाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आपला माणूस थान्यात जाऊन हात जोडून म्हणतो, "साहेब, जुना डोंगा होता, दोन-तीन हजाराचा असंल." झालं. नवा बनवायला आज काय लागते ते आपल्याला माहीत आहे. खोटं वाढवून सांगू नका, पण लाजून कमी पण सांगू नका. आत जाळं, वल्हं, दोर होतं तर तेही त्याच रिपोर्टात लिहा.

तोडफोडीसाठी कलम 324. नुकसान 20,000 ते 1 लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, 1 लाख किंवा वर असेल तर पाच वर्षांपर्यंत. (जहाजाची नासधूस केली तर वेगळं कडक कलम आहे, पण ते डेक असलेल्या किंवा वीस टनांच्या नावेसाठी. आपला डोंगा त्यात बसत नाही.) रिपोर्टाची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. फोनवरून किंवा ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सौंसरकडून सावनेर काही लांब नाही, माल सीमेपार महाराष्ट्रात गेला असा संशय असला तरी रिपोर्ट कोणत्याही थान्यात देता येते, "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. तरी घेतली नाही तर एस.पी. साहेबांना लेखी द्यायचं. 2023 पासून आपला जिल्हा वेगळा आहे, त्यासाठी आता छिंदवाड्याला जायचं काम नाही.

आता बांधण्याचं. कडी फळीला खिळ्यानं ठोकलेली असेल तर चोर साखळी तोडतच नाही, कडीच उपटतो. आरपार बोल्ट, आतून लोखंडी पट्टी, आणि नट वेल्डिंगनं पक्का. साखळी झाडाच्या खोडाला, फांदीला नाही. कुलुपावर जुन्या ट्यूबचा तुकडा झाकण म्हणून बांधा आणि तेल घाला, नाहीतर पावसाळ्यात गंजून आपल्यालाच उघडत नाही.

पण पाण्यात उभ्या डोंग्याला साखळी आखूड बांधू नका. एका रात्रीच्या पावसात तळं हातभर चढते. आखूड साखळीचा डोंगा तिथेच ओढून बुडतो, आणि आपण म्हणतो चोरी झाली. काठावर उभा लोखंडी पाइप गाडून त्यावर सैल कडी घाला, पाण्यासोबत कडी वर-खाली सरकते. बंद ऋतूत त्याहून चांगलं म्हणजे डोंगा वर ओढून लाकडाच्या ठोकळ्यांवर पालथा घालणं. माझे वडील लाकडी डोंगा दगड भरून काठाजवळ बुडवून ठेवत. लाकूड तडकत नव्हतं आणि रात्री उचलून नेणं कोणाच्या बापाला जमत नव्हतं. हे फक्त तळ्यात आणि फक्त लाकडाला. जाम किंवा कन्हानच्या पात्रात कराल तर पुरात डोंगा पण जाईल, दगड पण. वल्हं आणि बांबू घरी आणाच, वल्ह्याशिवाय रात्री डोंगा फिरवणं सोपं नाही.

नासधूस करणारा नेहमी बाहेरचाच असतो असं नाही. पार्टीवाले असतात, गावचे पोट्टे असतात, पट्ट्यावरून खुन्नस धरलेला पण असतो. पोट्ट्यांना मारून काही होत नाही, एकदा डोंग्यात बसवून फिरवून आणा, तेच राखण करतात. पोळ्याच्या करीला, गोटमारीच्या दिवशी, सगळे जामच्या पात्राकडे असतात, तळ्यावर चिटपाखरू नसते. त्या दिवशी पाळी लावू. कोणी सापडला तर हात उचलू नका, 112 लावा. मारलं तर केस आपल्यावरच होते.

आणि कुलूप तुटलेलं दिसलं, डोंगा हललेला वाटला, तर तसाच खोल पाण्यात नेऊ नका. गुडघाभर पाण्यात रिकामा सोडा, अर्धा तास पाहा. कोणी सांध्यातलं डांबर खरवडलं असेल किंवा खिळा मारून छिद्र केलं असेल तर तिथेच कळते. विमा माणसाचा आहे, अपघातात गेला तर पाच लाख, पण त्या पैशाचं घरी काय करायचं?

दुसरी चाबी घरच्या बाईकडे ठेवा. तळ्यात कोणी बुडत असलं की लोक आपल्याच डोंग्याकडे धावतात, तेव्हा चाबी कोणाकडे हे शोधत बसायला नको.

रजिस्टर नवीन केलं आहे: नंबर, लांबी, रंग, कशाचा, किंमत, लपलेल्या खुणा. 15 जूनच्या आत फोटो आणि मिस्त्रीचा कागद घेऊन समितीच्या खोलीवर या. अक्षरांचे ठसे मी आणून ठेवले आहेत, ज्याला पाहिजे त्यानं घेऊन जावे, फक्त परत करावे.