रुळांचा अभ्यास पडद्यावर

खडीवर उभं राहिल्याशिवाय रूळ कळत नाही, हा ऑनलाइन अभ्यासावरचा नेहमीचा आक्षेप. तो निम्मा खरा आहे. स्लीपरखाली खडी नीट ठासली गेली का, हे हाताला आणि नजरेलाच समजतं. पण रणरणत्या दुपारी सलग जोडलेल्या लांब रुळांजवळची खडी का उकरायची नाही, हे नजरेला दिसत नाही. मीटरला ६० किलो वजनाचा असा रूळ जखडलेला असतो, त्याला लांबायला जागाच नसते. ज्या तापमानाला तो ताणमुक्त केला, त्याच्या वर प्रत्येक अंशाला त्यात सुमारे १.९ टन दाब साठतो. ३० अंशांना ५७ टन, तोही एकेका रुळात. त्याला बाजूला वाकू न देण्याचं मोठं काम खडी करते. हे गणित कळलेला ट्रॅक मेंटेनर नियम पाळतोच, शिवाय धोका आधी ओळखतो.

आडस्टेशनावर राहून पाळ्या करणाऱ्याला वर्ग गाठणं अवघड असतं. पुण्याच्या ‘इरिसेन’ या रेल्वेच्या स्थापत्य प्रशिक्षण संस्थेची तांत्रिक पुस्तकं मात्र त्याला मोबाइलवर मोफत वाचता येतात. नुसत्या ऑनलाइन अभ्यासाच्या प्रमाणपत्रावर बढती मिळत नाही, हे खरं. वरच्या अनेक पदांसाठी विभागीय परीक्षा द्यावी लागते. पण तिथेही हे गणित कामी येतं.