टर्बोचार्जर व इंटरकूलरयुक्त मोटार इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान : सोलापूरच्या उन्हाळ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जाणे ही नित्याची बाब आहे. या दिवसांत टर्बोचार्जर असलेल्या मोटारीची ओढ कमी झाल्याचे चालकास जाणवते आणि दोष बहुधा टर्बोचार्जरच्या माथी मारला जातो. तो बदलणे खर्चाचे काम आहे. म्हणून त्यापूर्वी इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या तापमानाचा अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन केले आहे.

दाब आणि घनता :

वाया जाणाऱ्या उष्ण वायूंच्या शक्तीने हवा दाबून इंजिनात भरावी, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. तथापि दाब वाढविणे हे येथे साधन आहे, साध्य नव्हे. इंधन जाळण्यासाठी प्राणवायूचे वस्तुमान लागते व ते हवेच्या घनतेवर अवलंबून असते. घनता दाबाच्या सम प्रमाणात, तर केल्विनमधील तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना तापते, त्याच कारणाने टर्बोतून बाहेर पडणारी हवाही तापलेली असते.

एक उदाहरण पाहू. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५८ मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब सुमारे ०.९६ बार असतो. टर्बोने तो दुप्पट केला, संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली आणि बाहेरचे तापमान ४२ अंश सेल्सिअस असेल, तर संपीडनाने सुमारे ९९ अंशांची वाढ होऊन हवा १४१ अंशांवर पोहोचते. इंटरकूलरने या वाढीपैकी ७० टक्के उष्णता काढून घेतली, तरी इंजिनात शिरणारी हवा सुमारे ७२ अंशांची असते. इंटरकूलर नसता, तर त्याच दाबाला घनता सुमारे १७ टक्क्यांनी कमी राहिली असती. हेच गणित डिसेंबरच्या पहाटे, १५ अंशांना केले असता अंतिम तापमान सुमारे ४२ अंश येते. म्हणजे हिवाळ्यात सर्व संस्कार होऊन इंजिनात जाणारी हवा उन्हाळ्यातील रस्त्यावरच्या हवेइतकीच उष्ण असते! दोन्ही वेळी दाबमापक तोच आकडा दाखवील. हवेचे वस्तुमान मात्र उन्हाळ्यात सुमारे साडेआठ टक्क्यांनी कमी भरेल. यात टर्बोचा काहीही दोष नाही.

गर्दी आणि घाट :

इंटरकूलर हवेला त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, ही त्याची मूलभूत मर्यादा होय. शुक्रवार पेठेच्या गर्दीत रेंगाळणाऱ्या गाडीत टर्बोचा दाब जवळजवळ नसतो, तरीही तापमान चढते; कारण रेडिएटरची व वातानुकूलन यंत्रणेची उष्णता बॉनेटखाली कोंडते आणि इंटरकूलरचा धातूच तापतो. पुणे महामार्गावर वेग घेताच हा आकडा उतरू लागतो. तुळजापूरच्या घाटात स्थिती याहून बिकट असते, कारण तेथे दाब जास्त आणि गाडीचा वेग कमी असतो.

मापनातील संभ्रम :

अनेक गाड्यांत तापमानाचे दोन संवेदक असतात. एक एअर फिल्टरनंतर, टर्बोच्या आधी. दुसरा इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डजवळ. निदानयंत्रावरील आकडा कोणत्या संवेदकाचा आहे हे न पाहता काढलेले अनुमान व्यर्थ होय. हवा अधिक तापल्यास पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा धोका वाढतो व नियंत्रक ठिणगी उशिरा देतो. डिझेल इंजिनात निष्कास वायूंचे तापमान वाढते व अनेक नियंत्रक इंधन कमी करतात. ओढ घटते ती इंजिनाच्या रक्षणार्थ.

तपासणीची सुरुवात सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत इंजिन सुरू करण्यापूर्वी हवेचे दोन्ही संवेदक व शीतकाचा संवेदक जवळजवळ समान तापमान दाखवितात. एखादा फार वेगळा असल्यास तोच सदोष समजावा. ते जुळत असूनही महामार्गावर एकसारख्या वेगात मॅनिफोल्डचे तापमान बाहेरच्यापेक्षा फार चढे राहिले, तर प्रथम इंटरकूलरच्या पात्यांमधील धूळ-चिखल पाहावा, नंतर रबरी नळ्यांचे जोड. फाटक्या नळीतून हवा गळत असल्यास तोच दाब राखण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते व हवा आणखी तापते.