पावसाळाभर गावी उभी राहणारी स्कूटर : निघण्याआधी एवढे करा

मे महिन्याची सुट्टी संपली की रत्नागिरी-रायगडच्या गावांतली घरे एकेक करून बंद व्हायला लागतात. कोणी मुंबई-मुंब्र्याला परततो, कोणी कुवेत, दुबई, सौदीला. पडवीत मागे राहते ती स्कूटर. चार-पाच महिन्यांनी येऊन चावी फिरवावी, तर दिवासुद्धा लागत नाही. मग टेम्पो शोधा, मेकॅनिकच्या हातापाया पडा, आणि मोजक्या सुट्टीतले दोन-तीन दिवस त्यातच घालवा. गाडी चालवली नाही म्हणजे झिजली नाही, असा आपला समज असतो. कोकणच्या पावसात मात्र उभी गाडीच जास्त खराब होते.

आधी एका सल्ल्याबद्दल बोलू, कारण तो घरोघरी दिला जातो. "चाचा, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवा." यात फायदा कमी, नुकसान जास्त. इंजिन पाच मिनिटांत पुरेसे तापत नाही. जळणातून तयार झालेली वाफ बाहेर पडण्याऐवजी सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते आणि ऑइलमध्ये उतरते. सेल्फ स्टार्टने बॅटरीतून जेवढा करंट ओढला, तेवढाही परत भरला जात नाही. त्यात गाडी बंद खोलीत चालू केली, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो. लायसन्स असलेले कोणी घरात असेल, तर पंधरा दिवसांनी कोरडा दिवस बघून आठ-दहा किलोमीटर फिरवून आणू द्या. ते जमणार नसेल, तर गाडीला हातच लावू नका, नीट बंद करून ठेवा.

सगळ्यात जास्त चुका पेट्रोलच्या बाबतीत होतात. आता पंपावर मिळते ते इ-२० पेट्रोल, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. टाकी अर्धी रिकामी असेल, तर त्या मोकळ्या जागेत दमट हवा भरते आणि पत्र्याच्या टाकीला आतून गंज चढतो. पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाते ते नेमके तळाचेच. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टाकी जवळजवळ भरून घ्या. अगदी तोंडापर्यंत नको, फुगायला थोडी जागा ठेवा. पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर मिळाले तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि नंतर दहा मिनिटे गाडी चालवा, म्हणजे ते पाइपापर्यंत पोचेल. भरलेली टाकी घरात आहे हे मात्र लक्षात असू द्या. चूल, गॅस सिलिंडर किंवा इन्व्हर्टर असलेल्या खोलीत स्कूटर ठेवू नका.

एप्रिल २०२० च्या आधीची, म्हणजे कार्बोरेटरवाली स्कूटर असेल, तर आणखी एक काम करावे लागते. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेले थोडे पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. बारीक जेट त्यानेच चोक होतात. मेकॅनिककडून वाटीचा खालचा स्क्रू सैल करून ते पेट्रोल काढून घ्या. बीएस-६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. त्यांचा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे टाकी कोरडी होईपर्यंत गाडी चालवण्याचा जुना उपाय तिथे करू नका.

इंजिन ऑइल परत आल्यावर नाही, निघण्याआधी बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो, आणि तो चार महिने बेअरिंगांवर बसून राहणार. बहुतेक ११०-१२५ सीसी स्कूटरना सातशे-आठशे मिली ऑइल लागते, खर्च फार नाही.

बॅटरी काढूनच ठेवा. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म थोडा थोडा करंट खातातच, आणि स्कूटरची बॅटरी असते तीन-पाच अँपिअर-अवरची, म्हणजे एवढीशी. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवा, मग लाल. बसवताना उलट, आधी लाल. पूर्ण चार्ज बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या वर दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करायला हवी. रिकामी पडून राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट होते आणि मग ती चार्ज धरत नाही. शेजारी कोणी महिन्या-दीड महिन्याने चार्ज करणार असेल तर उत्तम, पण चार्जर छोटा हवा. मोटारीच्या मोठ्या चार्जरने ही बॅटरी उकळून निघते.

इलेक्ट्रिक स्कूटरचे गणित वेगळे आहे. लिथियम बॅटरी शून्यावरही नको आणि शंभरावरही नको, साधारण निम्म्याच्या आसपास ठेवा. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत बघा.

समुद्राकाठच्या गावांत गाडीवर मीठ बसते, म्हणून धुणे महत्त्वाचे. धुतल्यावर थोडे फिरवून आणि उन्हात ठेवून पूर्ण वाळवा. पत्र्याच्या उघड्या भागांवर, नटांवर ऑइलचा हलका हात फिरवा. ब्रेकच्या डिस्कला आणि लायनरला मात्र थेंबही लागता कामा नये. मग निळी ताडपत्री गुंडाळायची नाही! तिच्या आत ओल कोंडते. जुनी सुती चादर घाला, आणि पडवीत पावसाची झड येत असेल तर ताडपत्री वरून अंतर ठेवून बांधा. जांभ्याची किंवा सारवलेली जमीन पावसात पाझरते, म्हणून डबल स्टँडवर लावून खाली फळ्या ठेवा. टायरमध्ये हवा पूर्ण भरा.

उंदरांना वायरचे आवरण आवडते आणि एअर फिल्टरमध्ये घर करायला तर फारच आवडते. डिक्की रिकामी करा. खजुराचे पाकीट, बिस्किट, जुनी बिले, काही नको. सायलेन्सरच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फडके कोंबा. त्याचे लाल टोक बाहेर लोंबू द्या, म्हणजे काढायचे विसरणार नाही.

जागेचा विचार करताना २२ जुलै २०२१ आठवा. त्या पुरात चिपळूण आणि महाडला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. घर वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या पट्ट्यात असेल, तर गाडी उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवा. गाडी पाण्यात बुडाली असेल तर अजिबात स्टार्ट करू नका, तशीच मेकॅनिककडे न्या. विम्याची पॉलिसीही काढून बघा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो, आणि विमा चालू आहे असे समजून आपण निर्धास्त राहतो. पूर किंवा चोरीची भरपाई मात्र ओन डॅमेजमधून मिळते, आणि ते बहुधा वर्षाचेच असते. संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनसही जातो.

चावी कोणाकडे राहणार, हे अम्मीशी स्पष्ट बोलून ठेवा. घरात सोळा वर्षांचा भाचा किंवा पुतण्या असेल तर विशेषच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. तुम्ही रियाधमध्ये असलात तरी मालक तुम्हीच.

परत आल्यावर लगेच बाजारात पळू नका. सायलेन्सरचे फडके काढा, वायरी बघा, बॅटरी चार्ज करून बसवा, हवा तपासा. किक असेल तर चावी बंद ठेवून चार-पाच वेळा मारा, ऑइल वर चढते. पेट्रोलला आंबूस, वार्निशसारखा वास येत असेल तर ते काढून ताजे भरा. ब्रेक दोन-तीन वेळा दाबून चाक हाताने फिरवा. ओलीने लायनर चिकटलेले असतात, आणि ते कळायची जागा अंगण आहे, घाटाचा उतार नाही. मग मुलांना मागे न बसवता एकट्याने गल्लीत एक फेरी मारा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघा.